जाईबाईचं तेल

हिवरखेड, २ डिसेंबर २०२४

जाईबाईले चतुराबाईचा नमस्कार. नमस्कार खरा आहे, पुढचं वाचून राग आला तरी तो परत घेणार नाई.

फोन न करता पत्र टाकून राहिली, कारण फोनवर तुमी मधातच बोलता अन् माहं बोलणं राहून जाते. पत्रात तुमाले मधात बोलता येत नाई. अक्षर वाईट आहे, चालवून घ्या. मी तिसरीतून सुटली, तुमी शाळेतल्या शिपाईन, तीस वर्ष फळे पुसले. तुमाले कोणतंही अक्षर लागत असंल.

खबर अशी, की आपली व्हॅन वाजून राहिली.

हौ, तीच. दसऱ्याच्या झेंडूची खेप घेऊन अनुप अमरावतीले आला अन् आठ दिवस तुमच्या अंगणात ठेवून गेला ती. वर्षालीनं तिचं तेल बदललं, फिल्टर बदललं, अन् तुमी कॉलनीतल्या बायाईले बोलावून दाखवलं, "पाहा माही नात, आयटीआयले मोटार मेकॅनिक शिकते." तेलाचा डबा बी तुमीच दुकानात जाऊन आणला, हे मले भावनानं सांगतलं. तुमची लेक आहे, तुमच्या गुणाची गोष्ट पोटात ठेवत नाई. झेंडूवाल्याच्या घरी तेलाचा दुष्काळ आहे असंच वाटलं असंल तुमाले.

गाडी परत आली ती मांजरीवाणी आली. वीस वर्षाची जुनी गाडी, पण अनुप म्हणे, "माय, चालू आहे का बंद आहे समजतच नाई." आठ दिवस त्याच्या तोंडात तेच. सकाळी चहा पेताना तेल, रात्री जेवताना तेल. मी शेवग्याच्या शेंगा केल्या होत्या, त्याईचं कोणी नाव काढलं नाई.

आता ऐका. तुळशीच्या लग्नानंतर थंडी पडली, तवापासून सकाळी चावी फिरवली का गाडी खडखडते. डब्यात फुटाणे टाकून कोणी हालवावा तशी. चार सेकंद. मी मोजले. माह्या खाटेच्या उशाशी भिंत अन् भिंतीपलीकडं गाडी, तं पयला आवाज माह्याच कानात येते. चार सेकंद खडखडते, मंग गप होते, जशी काई झालंच नाई.

तुमच्या अंगणात गुणी होती, माह्या दारात वाजते. गाडीले बी माणूस समजते काय, इहीणबाई?

तेल कमी असंल म्हणाल, तं नाई. मी तेल मापायची काडी काढून पाह्यली, काठोकाठ आहे. तेलाचा काई विषय नाई. मी फक्त कळवून राहिली. तुमी केलेली चीज कशी चालून राहिली हे तुमाले कळलं पायजे.

भाऊबीजेले तुमी इथं आल्या, दहा माणसाईत बोलल्या, "वर्षाली माह्याकडं राहून माणसात आली." मंग अठरा वर्ष माह्याकडं होती ते काय होती? तिले गोवर निघाला तवा निंबाच्या पाल्यावर मी निजवली. तिचा पयला दात मी पाह्यला. आता दोन वर्षापासून सुट्टीत आली का म्हणते, जाई आजी वरणात गूळ टाकते, जाई आजी कांदा उभा कापते. मी आडवा कापते. आडवाच कापीन.

थंडी आहे. गुडघ्याले जपा.

चतुराबाई


हिवरखेड, ९ डिसेंबर

जाईबाईले नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाई. पोस्टमन रोज माह्या दारावरून जाते, अन् मी रोज वट्ट्यावर असते, म्हणजे त्याचा दोष नाई.

गाडीचं पुढचं सांगते. अनुप पयले म्हणे, खालचा पत्रा ढिला झाला. सायलेन्सरवर एक पत्रा असते, उष्णता अडवायचा. बसस्टँडजवळचा पुंजाजी मिस्त्री आला, गाडीखाली शिरला, पत्रा तारेनं करकचून बांधला. म्हणे, "आता वाजली तं मिशी काढतो." दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेवर कान देऊन पडली. अनुपनं चावी फिरवली. एक, दोन, तीन, चार. मले हासूच आलं, तोंडावर पदर घेतला. भावना म्हणे, "आत्याबाई, गाडी खराब झाली अन् तुमाले हासू येते?" मी म्हटलं, "पुंजाजीची मिशी आठवली."

मिशी काई काढली नाई त्यानं. पुन्हा आला, बोनट उघडून कान लावला, मान हालवली. म्हणे, "अनुपभाऊ, आतली साखळी गेली. इंजिन खोला लागते. आखरी हात कोणाचा लागला?"

अनुप म्हणे, "पोरीचा."

पुंजाजी म्हणे, "मंग विचारता काहून?"

बस, तेवढंच बोलला अन् पान खायले गेला. पण ते बोलणं गावात पोचलं. गिरणीवर पोचलं, देवळापाशी पोचलं. 'अनुपच्या पोरीनं अमरावतीले गाडीचं इंजिन मारलं.' अनुपचं डोकसं फिरलं. त्यानं वर्षालीले फोन लावला, म्हणे, "शनिवारी घरी ये, बॅग घेऊन ये. एक घरची गाडी नाई सांभाळता आली, लोकाच्या काय दुरुस्त करशीन? राहू दे ते शिकणं." गाडीचं बी ठरवलं, या महिन्यात भंगारवाल्याले देऊन टाकायची.

मी कावून बोलू? बाप-लेकीची गोष्ट आहे.

येऊन राहिली ती घरी, जाईबाई. बॅग घेऊन. शेवंतीचा तोडा सुरू आहे, हाताखाली माणूस पायजेच होतं. मी तिची गोधडी उन्हात टाकली, तिळाच्या चटणीसाठी तीळ निवडून ठेवले. तुमाले घर सुनं लागंल. मले बी दोन वर्ष लागलं होतं, मी कोणाले पत्र टाकलं नाई.

अनुपले म्हणा एकदा तेल पाहून घे, असं भावना मले म्हणत होती. मी म्हटलं, तेलाले काय झालं? तेलाचं नाव काढू नका.

चतुराबाई

(तुमाले शेवंतीचा एक गजरा पाठवणार होती. पोस्टात सुकते, म्हणून नाई पाठवला. दुसरं कारण नाई.)


हिवरखेड, १५ डिसेंबर, दुपार

जाईबाई,

आज नमस्कार शेवटी घालीन, तुमी घेतला तं.

काल सांजच्याले वर्षाली आली. बॅग दाराशी ठेवली, माह्या पाया पडली अन् सरळ गाडीपाशी गेली. मले वाटलं बोनट उघडंल. नाई उघडलं. मले वट्ट्यावर बसवलं अन् डॉक्टरणीवाणी विचारत गेली.

"आजी, कवा वाजते?"

"सकाळी."

"दुपारी?"

"नाई. अकोल्याच्या बाजारातून आली अन् तासाभरानं पुन्हा काढली, तं नाई वाजत."

"किती वेळ?"

"चार सेकंद. गारठा जास्त असला तं पाच."

"टकटक का खडखड?"

"खडखड. साखळी परातीत टाकल्यावाणी."

पोट्टी माह्याकडं पाहतच राहिली. म्हणे, "आजी, आमच्या वर्गातल्या पोट्ट्याईले एवढं सांगता येत नाई. बाबा म्हणतात वाजते, पुंजाजी काका म्हणतात वाजते, कवा अन् किती हे कोणीच सांगत नाई." मले असं झालं, जसं कोणी हार घातला. चोराले हार घातला म्हणा. ते पुढं येते.

रात्रभर गाडीले कोणाचा हात लागू देला नाई. आज सकाळी साडेपाचले उठली, चुलीपासची माही लोखंडी फुकणी घेतली. मी म्हटलं, "चहा गॅसवर करते वं, फुकणी काहाले?" म्हणे, "पाहा तं." अनुपले चावीवर बसवलं. फुकणीचं एक टोक इंजिनावर, एक टोक कानाले. मले ओरडली, "आजी, पदर खोच, इंजिनाचा पट्टा ओढून घेईल!" गाडी चालू झाली, खडखडली. तिनं फुकणी एका जाग्यावरून दुसऱ्या जाग्यावर नेली. दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा चालू केली, तं चूप. मंग माह्या कानाले लावून दाखवलं, आत कसं गुरगुरते ते. जाईबाई, विहिरीत उतरल्यावर वरची माणसं बोलतात ना, तसं ऐकू येते.

पुंजाजी आला होता तमाशा पाहायले. तिनं त्याले अन् बापाले सांगतलं, "आवाज पुढच्या झाकणामागून येते, तिथं साखळी आहे. पण साखळी तुटायले आली असती तं दिवसभर वाजली असती. रात्रभर गाडी उभी राहिली का तेल खाली उतरते. चावी फिरवली का पंप ते वर चढवते. साखळी ताणून धरणारा दट्ट्या तेलाच्या जोरावर चालते. तेल उशिरा पोचलं तं तेवढा वेळ साखळी ढिली, अन् लोखंडावर लोखंड आपटते. इंजिन खोलायचं काम नाई. तेल कावून उशिरा पोचून राहिलं, ते पाहा लागते."

मंग तिनं काडी काढली. तेलाचा थेंब दोन बोटाईत धरला, चोळला, बोटं फाकवली. थेंबाची तार आली. तिचं तोंड उतरलं.

"बाबा, हे माह्या हातचं तेल नाई."

अनुप म्हणे, "म्हणजे?"

"मी टाकलं ते कोऱ्या चहावाणी होतं. हे जाड आहे, काळं आहे. हे ह्या गाडीचं तेलच नाई."

अनुपनं हात जोडले. म्हणे, "वा! गावात डिझेल चोरतात हे ऐकलं होतं. रातच्याले येऊन तेल भरून देणारा चोर पयल्यांदा ऐकून राहिलो."

पुंजाजी हासला. म्हणे, "पोरी, चुकलं तं चुकलं म्हण. मी बी शिकताना दोन इंजिनं मारली. पण खोटं बोलू नये."

वर्षाली रडली नाई. काडी पुसली, जाग्यावर खोसली, बोनट बंद केलं अन् हौदामागं गेली. मी वट्ट्यावरच बसून होती. तीन हातावर.

हौदामागून तिनं तुमाले फोन लावला. हे तुमाले माहीतच आहे. पण मी हौदाच्या अलीकडं भांडे घासून राहिली होती, हे तुमाले माहीत नाई. तुमच्यापाशी रडली ती. घर माहं, हौद माहा, हातभरावर मी, अन् पोट्टी अमरावतीले रडून राहिली. मले असं वाटलं का तो फोन घ्यावा अन् हौदात टाकावा.

तुमचा आवाज मोठा आहे, सारं ऐकू आलं. तुमी म्हणाल्या, "मी पाह्यलं तुले तेल टाकताना. पुसून पुसून टाकलं, एक थेंब सांडला नाई. जग काई म्हणो." मले वाटलं, आता इहीण माहं नाव घेऊन दोन शिव्या घालंल, अन् मंग मी बी मोकळी होईन. तं तुमी म्हणाल्या, "तू चतुराबाईले विचार. तिच्या कान-डोळ्यातून त्या घरातलं काई सुटत नाई. ती खरं सांगंल."

जाईबाई, तुमी असं कावून म्हणाल्या? तुमी शिव्या देल्या असत्या तं काय बिघडलं असतं?

आता खालचं दोनदा वाचा, मी एकदाच लिहीन.

तेल मी बदललं.

तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात अनुप अन् भावना बाळापूरले लग्नाले गेले. मी घरी एकटी. आमचे बुढे किसनराव असताना विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. किसनराव बाजाराले गेले का ते मीच चालवो, बावीस वर्ष चालवलं, पाना मले नवा नाई. आता विहिरीवर सोलर आलं, इंजिन गेलं, पण त्याचं तेल एक कॅनभर गुराईच्या कोठ्यात पडून होतं. बुढ्यानं आणलेलं शेवटचं. मी पोतं हातरलं, गाडीखाली शिरली, खालचा बोल्ट खोलला, अन् तुमचं तेल सारं घमेल्यात उतरवून घेतलं. वरून आमचं घातलं, अन् रिकाम्या कॅनीत तुमचं भरून ठेवलं. गुडघे आठ दिवस दुखले, मी म्हटलं थंडीनं दुखतात.

कावून केलं म्हणाल. माह्या घरच्या गाडीच्या पोटात तुमचं तेल फिरते, अन् सारं घर त्याचेच गुण गाते, हे मले सहन झालं नाई. भाऊबीजेचं तुमचं बोलणं डोक्यात होतं. वाटलं, गाडी आपली, पोट्टी आपली, तं तेल बी आपलं. तेल म्हणजे तेल, विहिरीचं असो का व्हॅनचं. घातलं तवा अंग धुतल्यावाणी बरं वाटलं. वाजायले लागली तवा उलसाक भेव वाटलं. अन् मंग अनुप म्हणाला पोरीले घरी बोलावतो, तवा भेव बी गेलं. लाज वाटते हे लिहायले, पण मी खुश झाली होती, जाईबाई. तीळ निवडताना मी गाणं म्हणत होती.

आता पोट्टी घरात आहे. चटणी केली, खाल्ली नाई. शेवंती तोडते, पण बोलत नाई. अशी वर्षाली मले नको होती.

बुधवारी तिची परीक्षा आहे, हातानं काम करून दाखवायची. मले ते आज समजलं.

पाकीट बंद करते अन् उठून सांगायले जाते. पयले तुमाले लिहिलं, कारण लिहिलेलं परत घेता येत नाई. आता मांगं फिरायची सोय राहिली नाई.

नमस्कार. घेतला तं घ्या.

चतुराबाई


अकोला, १६ डिसेंबर

जाईबाई,

हे वहीच्या पानावर लिहून राहिली. गाड्याईच्या सामानाच्या दुकानासमोर बाकड्यावर बसली आहे. वर्षाली आत तेल पाहून राहिली, अनुप गाडी लावायले जागा शोधून राहिला. कालचं पत्र आज सकाळी पेटीत टाकलं, तं हे त्याच्या मागोमाग येईन.

काल काय झालं ते सांगते. सारे चहाले बसले होते, पुंजाजी बी होता. मी कोठ्यात गेली, कडब्याच्या मागची कॅन काढली अन् मधात आणून ठेवली. म्हटलं, "हे जाईबाईचं तेल."

कोणाले काई समजलं नाई. अनुप म्हणे, "जाईआत्यानं आणखी तेल पाठवलं काय?"

म्हटलं, "तेच. गाडीतलं. मी काढलं. गाडीत विहिरीच्या इंजिनाचं आहे, तुह्या बापानं आणलेलं. पोट्टी खरं बोलत होती."

पुंजाजीचा चहा बशीतच राहिला. भावनानं तोंडाले हात लावला. अनुप मोठा झाल्यापासून माह्यावर ओरडला नाई, कालही ओरडला नाई. नुसता म्हणे, "माय, मी तिचं शिकणं बंद करत होतो. तू तिथंच बसून होती."

वर्षालीनं कॅनीचं झाकण उघडलं, वास घेतला, बोट बुडवून थेंब सोडला. टपकन पडला, तार नाई आली. मंग माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं आता बोलंल, जे बोलंल ते ऐकू.

"आजी, पाना कोणता लावला?"

"सतराचा."

"बोल्टचा वॉशर नवा टाकला?"

"ते काय असते?"

"म्हणूनच खाली थेंब पडून राहिला. मी म्हटलं मी बोल्ट ढिला ठेवला का काय. काल आल्यापासून मले झोप नाई."

एवढं बोलली अन् कॅनीचं झाकण लावलं. "पुंजाजी काका मले खोटी म्हणत होते, आजी. तू ऐकत होती." मी म्हटलं, "हौ. ऐकत होती." दुसरं काय म्हणू? तिनं तोंड फिरवलं. पण उठून गेली नाई. इथंच, माह्या अंगणात, माह्यासमोर रडली. मी पदर देला, तिनं घेतला. नाक पुसून परत देला. एवढंच. पण घेतला.

पुंजाजी उठला, टोपी काढली. म्हणे, "पोरी, मी बी नुसता कान लावला, काडी नाई काढली. माहं चुकलं." अन् माह्याकडं पाहून म्हणे, "चतुराकाकू, गॅरेज टाकता काय? मले मदतीले ठेवा." मेला.

अनुप म्हणे, "तू उद्याच अमरावतीले परत जा." तं पोट्टी म्हणे, "नाई. गाडी वाजत ठेवून मी जाणार नाई. माह्या हातची पयली गाडी आहे." तुमचं तेल परत घालू म्हटलं मी, तं म्हणे घमेल्यातली धूळ गेली असंल त्यात, इंजिनात घालायचं नाई. म्हणून आज अकोला. अकोल्यालेच यायचं असं मी म्हटलं. अमरावतीचं तेल एकदा झालं, आता अकोल्याचं पाहू. तुमी हासल्या तं हासा.

तिले एका गोष्टीचं भेव आहे. महिनाभर गाडी अशी वाजली, तं साखळीचा दट्ट्या घासला असंल. नवं तेल घालूनही वाजली, तं मंग पुंजाजीचं म्हणणं खरं, इंजिन खोला लागते, अन् अनुप गाडी ठेवणार नाई. आज समजणार नाई. रात्रभर उभी राहून उद्या थंडीत चालू केली का समजंल. अन् उद्या दुपारच्या बसनं ती अमरावतीले नाई निंगाली, तं परीक्षा गेली.

मले विचाराल तं आता मले ती जायले पायजे. हे वाक्य लिहायले मले दहा मिनिटं लागले. दुकानदार पाहून राहिला, बुढी काय एवढं लिहिते म्हणून.

आली ती. हातात डबा आहे, फिल्टर अन् वॉशर बी घेतला. मले दाखवून म्हणे, "हा वॉशर. नीट पाहून ठेव."

चतुराबाई


हिवरखेड, २९ डिसेंबर

जाईबाईले चतुराबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं. तीन ओळी लिहिल्या, पण लिहिल्या. भावनाले वाचू देलं नाई, सोता वाचलं. पयली ओळ, "तेल पायजे होतं तं मागायचं." वाचून मले राग आला अन् मंग हासू आलं. दुसरी ओळ, "भाऊबीजेले मी जास्त बोलली." बरं. तिसरी, "ती माह्याकडं रोज म्हणते, हिवरखेडची आजी वरणात गूळ टाकत नाई, हिवरखेडची आजी कांदा आडवा कापते. मी दोन वर्ष ऐकून राहिली." ही ओळ मी चार वेळा वाचली. भावनाले बोलावून तेवढीच वाचून दाखवली. पुंजाजी आला तवा त्याले बी दाखवली.

परीक्षा चांगली गेली, हे तिनं तुमाले सांगतलंच असंल. गाडीचं मी सांगते, कारण ते मी ऐकलं अन् तुमी नाई ऐकलं. एक तरी गोष्ट माह्याकडून कळू द्या.

अकोल्याहून आलो त्या दिवशी सांजच्याले तिनं बुढ्याचं तेल उतरवलं, नवा फिल्टर आधी तेलानं भरून मंग लावला, वॉशर माह्या हातून बसवला. माह्या हातून, बरं का. म्हणे, "तूच खोलला, तूच लाव." मंगळवारी सकाळी गारठा असा का तोंडातून धूर निंगे. सारे उभे. पुंजाजी न बोलावता आला. वर्षाली चावीवर बसली अन् फुकणी माह्या हाती देली. म्हणे, "माह्या कानापेक्षा तुहा कान चांगला. खरं सांग, काई दडवू नको."

मी पदर खोचला. फुकणी लावली, डोळे मिटले. तिनं चावी फिरवली.

एक. खड, एवढंच. मंग गुरगुर. दोन म्हणायले तोंड उघडलं, तं काई उरलंच नव्हतं.

सारे माह्या तोंडाकडं पाहून राहिले. चूप राहिली का वाजली, ते खरं मलेच माहीत होतं, फुकणी माह्याच कानाले होती. 'नाई वाजली' म्हटलं असतं तं सारे टाळ्या वाजवून मोकळे झाले असते. मी म्हटलं, "एक सेकंद वाजली."

वर्षाली खाली उतरली. म्हणे, "एक? दोन नाई?"

"एक. पुरा बी नाई."

तिनं माही पापी घेतली, पुंजाजीसमोर. म्हणे, "एक चालते. दट्ट्या उलसाक घासला, तेवढं आता राहीन. पण वाढलं तं मले समजलं पायजे. आजी, हे काम तुह्याकडं. रोज सकाळी मोजायचं." अनुप म्हणे गाडी विकत नाई. अन् दुपारच्या बसनं ती गेली. मी बसपर्यंत गेली, बॅग मी धरली. बस हालली तवा मले वाईट वाटलं, खोटं कावून लिहू? पण मी काई खोललं नाई, काई बदललं नाई, घरी येऊन शेवंती तोडली.

आता जे सांगते त्यानं तुमाले वाईट वाटंल, म्हणूनच सांगते. रोज सकाळी सहा वाजता तुमच्या घरातून मले फोन येते. तुमी तवा सैपाकघरात असता. "आजी, किती?" मी सांगते, "एक." ती म्हणे, "गारठा?" मी सांगते. "काय भाजी?" ते बी सांगते. दोन वर्षात तिनं मले रोज फोन केला नव्हता. आता एक दिवस चुकत नाई. तुमच्या घरात, तुमच्या पलंगावर बसून, माह्याशी. तुमी चहा ठेवून आवाज देता, तो बी मले ऐकू येते, अन् ती म्हणते, "थांब जाई आजी, आजीशी बोलून राहिली." नुसतं आजी म्हणते. मी लक्ष देऊन ऐकलं.

फुकणी ती सोबत घेऊन गेली, वर्गात दाखवायले. चूल पेटवताना आता मी पुठ्ठ्यानं वारा घालते. तुमच्या घरी कुठं ठेवली ते कळवा. ओलीत ठेवू नका, गंजते.

अन् तुमचं तेल. कॅनभर आहे ते. इंजिनात चालत नाई, पण फेकवत नाई. मी काल ते उलसं घेऊन दाराच्या बिजागऱ्याईले घातलं. चाळीस वर्षापासून हे दार करकरते, कोण आलं कोण गेलं मले आतून समजे. आता चूप झालं. चांगलं तेल आहे, जाईबाई, म्हणते मी.

संक्रांतीले या. दोन दिवस राहा, सकाळी तुमाले बी गाडी ऐकवते. पण दारात आल्या का बाहेरूनच हाक मारा. आता दार वाजत नाई, तुमी आल्याचं मले समजणार नाई.

चतुराबाई